टू-स्ट्रोकच्या पाइपवरचे दोन पोचे

माझ्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या एक्झॉस्ट पाइपला दोन पोचे होते. मोठा पाइपच्या पोटाला, म्हणजे मधल्या फुगीर भागाला, खालच्या अंगाने, तळहात सहज मावेल एवढा. छोटा पुढच्या बाजूला, सिलिंडरमधून निघून पाइप जिथे खाली वळतो तिथे. अंगठ्याखाली झाकला जाईल इतकाच, पण मधोमध घडी पडलेला. बघणाऱ्याचं लक्ष हमखास मोठ्याकडे जायचं. पाइप उतरवायचं कारण मात्र छोटा होता.

फोर-स्ट्रोकच्या सायलेन्सरला पोचा पडला, तर पाइप अगदीच चेपला नसेल तोवर तो बहुधा दिसण्याचाच प्रश्न असतो. टू-स्ट्रोकचं तसं नाही. तिथे पाइपचा आकार हा इंजिनाचाच भाग. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळका वायू बाहेर पडण्याचं सिलिंडरचं तोंड, उघडला की दाबाची लाट पाइपमधून निघते. पाइप पुढे रुंद होत जातो, तिथून लाटेचा काही भाग ओढ होऊन मागे येतो आणि सिलिंडरमधला जळका वायू खेचून काढतो. पोटानंतर पाइप पुन्हा निमुळता होतो. तिथून परतणारी लाट दाबाची असते, आणि ती पोर्ट बंद होण्याच्या ऐन वेळी आली तर बाहेर सांडू पाहणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण परत आत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीत इंजिनियर वाल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हे गणित बसवत नेलं आणि १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनातून २५ अश्वशक्ती काढून दाखवली. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ साली ५० सीसीचं जागतिक विजेतेपद सुझुकीकडे गेलं. तो जे काही डोक्यात घेऊन गेला, त्यात पाइपच्या आकाराचा वाटा मोठा होता.

आता पोच्याचा हिशोब. माझ्या पाइपचा पुढचा भाग आतून साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे वायूला जायला सुमारे साडेबारा चौरस सेंटिमीटर जागा. पोटाशी व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे जागा ७८ चौरस सेंटिमीटरच्या वर. एखाद्या पोच्याने तीन चौरस सेंटिमीटर जागा खाल्ली, तर पोटाशी चार टक्के कमी होतात; पुढच्या वळणावर तोच पोचा जवळजवळ पाव वाट अडवतो. शिवाय लाट तिथे सगळ्यात जोरात असते. पोटावरचा पोचा विद्रूप होता, पुढचा अडचणीचा होता.

पाइप उतरवण्यात विशेष काही नाही. सिलिंडरपाशी तो दोन स्प्रिंगांनी धरलेला असतो. त्या पक्कडीने न ओढता आकड्याने ओढाव्यात आणि तोंड बाजूला ठेवावं, कारण सुटलेली स्प्रिंग कुठे जाईल याचा नेम नसतो. मागचे रबरी माउंट कडक होऊन तडकले होते, ते तसेही बदलायचेच होते. मागचा सायलेन्सर वेगळा केला, कारण त्याच्या आतलं तंतूंचं भरण तेलाने माखलेलं असतं आणि पुढच्या कामात त्याला स्थान नाही.

मग पाइप उजेडात नेऊन नीट पाहिला. कारखान्यात दाबून केलेल्या दोन अर्ध्या कवच्या शिवणीवर वेल्ड केलेल्या, पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे टकटक केली. जिथे आवाज भरीव येतो तिथे पत्रा धड असतो. जिथे बोदा येतो तिथे गंजाने आतून खाल्लेला असण्याची शक्यता. शिवणीजवळ एक जागा संशयास्पद वाटली, तिला खडूने खूण केली. पोटाच्या वरच्या, धड अंगावर जाड पुठ्ठा कापून त्याचा गोलावा उतरवून घेतला. दोन्ही अर्धी सारखीच असल्यामुळे हाच पुठ्ठा खालच्या बाजूला माप म्हणून चालणार होता. पुढच्या वळणासाठी एक लाकडी गोळी घासून ३८ मिलिमीटरची केली, तिला दोरी बांधली आणि तोंडातून आत सोडली. गोळी वळणावर येऊन घडीला टेकली आणि तिथेच बसली. कितीही हलवली तरी पुढे जाईना.

आतून ठोकता येत नाही, ही या पाइपची खरी अडचण. दोन्ही टोकांना अरुंद आणि मधे फुगीर, त्यामुळे आत ना हातोडा जातो ना ऐरण. मग उरतात चार वाटा. पाइप कापून, आतून ठोकून पुन्हा वेल्ड करणं. हे सगळ्यात पक्कं, पण एक मिलिमीटरच्या पत्र्यावर लांबलचक वेल्ड सरळ राखणारा हात हवा. दुसरी वाट पाण्याची: पाइप पाण्याने काठोकाठ भरायचा, टोकं बंद करायची आणि गोठवायचा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पत्र्याला ढकलतं. ज्यांच्याकडे गॅसचा टॉर्च नाही ते हा उपाय करतात, आणि नव्या पाइपवर तो चालतोही. पण बर्फाला पोचा कुठे आहे ते कळत नाही. तो सगळीकडे सारखाच रेटतो आणि जे कमजोर असेल ते आधी फुटतं. माझ्या पाइपवर शिवणीतच खडूची खूण होती, त्यामुळे ती वाट बाद. तिसरी वाट हवेचा थोडा दाब आणि उष्णता यांची, चौथी पोच्यावर काहीतरी वेल्ड करून बाहेरून ओढण्याची. मोठ्यासाठी तिसरी ठरवली, छोट्यासाठी चौथी.

तापवायच्या आधी पाइप आतून स्वच्छ आणि कोरडा हवा, आणि यात चालढकल करून चालत नाही. टू-स्ट्रोकच्या पाइपमध्ये काजळी आणि न जळलेलं तेल यांचा चिकट थर असतो. टोकं बंद करून, आत हवा भरून वरून ज्योत लावायची असेल, तर आत जळण्यासारखं काही असणं म्हणजे स्वतःहून स्फोट मागवणं. एका टोकाला घट्ट बूच लावून पाइप कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने भरला आणि रात्रभर ठेवला. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, थोडा थोडा. सोड्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं. चष्मा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे हवेतच. लोखंडाला कॉस्टिक काही करत नाही, पण अॅल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बादली, चमचा, बूच यांपैकी काहीही अॅल्युमिनियमचं नको. सकाळी जे बाहेर आलं ते डांबरासारखं काळं होतं, त्यात पापुद्रेच पापुद्रे. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतला, मग उन्हात ठेवला, शेवटी गरम हवेच्या ब्लोअरने वाळवला. पाणीही आत राहून चालत नाही: वाफ झाली की पाण्याचं आकारमान सोळाशे-सतराशे पटींनी वाढतं, आणि बंद पाइपमध्ये ते कुठे जाणार?

बाहेरचा रंग पोच्यांभोवती वायर ब्रशने काढला. माझ्या पाइपवर नुसता काळा रंग होता म्हणून हे सोपं गेलं. क्रोमचा मुलामा असता तर मी ही वाट धरलीच नसती. क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो, खाली निकेल, आणि लाल होईपर्यंत तापवल्यावर तो मुलामा जातोच. वर त्याच्यावर वेल्डिंग केलं तर निघणारा धूर विषारी. तसा पाइप मुलामा उतरवून, सरळ करून पुन्हा चढवायला देणं हेच बरं. जस्त चढवलेल्या नट-वॉशरचंही तेच. त्यांच्या पांढऱ्या धुराने ताप भरतो.

टोकं बंद करण्यासाठी जाड रबराच्या चकत्या दोन लोखंडी वॉशरमध्ये घालून मधून बोल्ट आवळला. नट फिरवला की रबर दबून बाजूला फुगतं आणि पाइपला आतून घट्ट बसतं. पुढच्या बुचातला बोल्ट पोकळ घेतला आणि त्यातून हवेची नळी आणली. दोन्ही बुचांना बाहेरून लोखंडी पट्टी आडवी टाकून, लांब आट्याच्या सळयांनी एकमेकांना बांधलं, म्हणजे एखादं सटकलं तरी उडणार नाही. जवळचा पाइप ओल्या फडक्याने गुंडाळला, रबर वितळू नये म्हणून. आधी थंड पाइपमध्ये थोडी हवा भरून साबणाचं पाणी फासलं. खडूच्या खुणेपाशी अपेक्षेप्रमाणे बारीक बुडबुडे. ते छिद्र लगेच पितळेने ब्रेझ करून, म्हणजे वर पितळ वितळवून, बुजवलं, आणि फासलेलं पाणी पुसून पुढे निघालो.

दाब किती, हा लोकांना सगळ्यात जास्त पडणारा प्रश्न, आणि उत्तर निराश करणारं आहे: एक बार. चाकात असतो त्याच्या साधारण निम्मा. हे पुरेसं कसं, तर पोचा नऊ सेंटिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर होतं, आणि एक बारला त्यावर ६५ किलोचा भार येतो. एवढ्याने थंड पत्रा हलत नाही आणि हलूही नये. दाब वाढवून पोचा काढायला गेलं तर पोचा निघायच्या आधी शिवण उकलते, आणि दाबलेली हवा फुटते तेव्हा पाण्यासारखी नुसती गळत नाही, पत्र्याचे तुकडे घेऊन येते. दाब वाढवायचा नाही, पत्रा मऊ करायचा. ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास साध्या पोलादाची ताकद निम्म्याखाली येते, मग तोच ६५ किलोचा भार पुरतो. रेग्युलेटर असा हवा की दाब वाढला तर जादा हवा आपोआप बाहेर सोडेल, कारण पाइप तापला की आतली हवाही तापते आणि काटा आपल्या आपण चढायला लागतो. आणि भरायची ती फक्त हवा. ऑक्सिजनच्या टाकीची नळी कुणी सोयीची म्हणून लावू पाहिली तर त्याला हाताला धरून बाहेर काढावं.

पहिल्यांदा हातातला छोटा गॅस टॉर्च वापरून पाहिला. पत्रा फिकट पिवळा झाला, मग तपकिरी, जांभळा, निळा, आणि तिथेच थांबला. निळा म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास. ज्योत देत होती तेवढी उष्णता आजूबाजूचा पत्रा पळवत होता. मग मोठा बर्नर घेतला आणि पाइपभोवती तीन बाजूंनी भट्टीच्या विटा रचल्या, तेव्हा उष्णता जागेवर राहू लागली. काम सावलीत केलं. काळपट लाल रंग उन्हात दिसतच नाही, आणि तोच तर हवा असतो.

पोच्याचा मधला खड्डा आपल्याला दिसतो, पण पोचा धरून ठेवते ती त्याची कड. ठोकर बसताना कडेला पत्रा उलटा वाकलेला असतो आणि तिथे कडक झालेला असतो. प्लास्टिकच्या बाटलीला पडलेला पोचा फुंकर मारूनही निघत नाही, कडेवर अंगठ्याने दाबलं की टक् करून निघतो, तसंच. म्हणून ज्योत आधी कडेवरून गोल फिरवली, मध्ये गेलोच नाही. एका जागी थांबायचं नाही. तो ठिपका एकटाच मऊ होऊन फोडासारखा बाहेर येतो आणि पत्रा तिथे कायमचा पातळ होतो. कड सगळीकडून काळपट लाल झाल्यावर लाकडी हातोड्याने तिच्यावरून हलके टोले फिरवले. सुरुवातीला काहीच नाही. मग एका बाजूने कडेचा कंगोरा बसल्यासारखा झाला. ज्योत मधे आणली तेव्हा खड्डा हळूहळू वर यायला लागला. उसळी नाही, आवाज नाही. डोळे मिटून उघडले तर फरक कळावा इतका सावकाश. हलायला लागलं की ज्योत लगेच बाजूला घ्यायची, कारण नंतरही क्षणभर पत्रा चालूच राहतो. विटांमधेच आपोआप थंड होऊ दिला. पाणी ओतलं नाही.

पुठ्ठा लावून पाहिला तर खड्डा बराचसा भरला होता, एका अंगाला उथळ वाटीसारखा भाग शिल्लक. पुन्हा तापवून तो आणखी थोडा वर आणला. मग राहिलं ते बोटभर रुंद आणि दीड-दोन मिलिमीटर खोल, बरोबर ब्रेझ केलेल्या शिवणीला लागून. तिथे लाल तापवलं असतं तर पितळ मऊ पडून छिद्र पुन्हा उघडण्याची भीती होती. दोन मिलिमीटरसाठी हे करण्यात अर्थ नव्हता, म्हणून ते तसंच सोडलं.

छोट्या पोच्याला हवेचा उपयोग नव्हता. त्याचं क्षेत्रफळच पाच-सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक बारला भार सहा किलोचा. त्यात पाइप तिथे अरुंद आणि वळलेला, म्हणून मुळातच कणखर. आणि बूच इतकं जवळ की रबर वाचवणं कठीण. इथे वेल्डिंग येणाऱ्या मामेभावाला बोलावलं. त्याने घडीवर नख फिरवलं आणि म्हणाला, “दादा, पत्रा पातळ आहे. मी नुसते टाके मारतो, ओढायचं काम तू कर.” जस्त नसलेले तीन लोखंडी वॉशर त्याने घडीच्या तळाला एका रांगेत उभे धरले आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी एकेक टाका दिला. टाक्यांच्या मध्ये पत्रा थंड होऊ देत होता. तिन्ही वॉशरच्या भोकांतून एक जाड सळई ओवली.

मग त्याने घडीच्या दोन्ही बाजूंनी ज्योत फिरवायची आणि मी सळईला तरफ लावून ओढायचं, असं सुरू झालं. तरफेखाली पाइपवर लाकडाचे ठोकळे ठेवले होते, म्हणजे जोर दोन धड जागांवर विभागला जावा. इथेही ओढीपेक्षा रंग महत्त्वाचा. पत्रा निळा असताना जोर लावला की टाकाच उखडतो आणि सोबत पत्र्याचा लचका येतो. “थांब, थांब... आता घे,” असं तो म्हणायचा तेव्हाच मी भार द्यायचो. घडी तळातून वर येताना तिच्या दोन कडा मात्र बाहेर फुगायला लागल्या, म्हणून सळईवरचा ताण तसाच ठेवून भावाने त्या कडांवर छोट्या हातोडीने टोले दिले. ताण आणि टोला एकाच वेळी, यातच या प्रकाराची सगळी मेख आहे. नुसतं ओढून घडीचा उंचवटा होतो आणि दोन्ही बाजूंना नव्या नाल्या पडतात.

पाइप थंड झाल्यावर दोरीची गोळी आत सोडली. ती वळणावर जराशी घासली, थबकली, आणि दोरी सैल दिल्यावर पुढे निघून गेली.

वॉशर कापताना ग्राइंडर पत्र्याला लागू दिला नाही. टाक्याचे मिलिमीटरभर खुंट ठेवून कापले आणि उरलेलं कानशीने घासलं. खुंटही पूर्ण सपाट केले नाहीत. बाहेर बारीक उंचवटे राहिले तर वायूला काही फरक पडत नाही, पण ते गुळगुळीत करायच्या नादात भोवतालचा पत्रा अर्धा मिलिमीटर उरला तर पुढच्या खडखडाटात तिथेच तडा जाणार. पुन्हा बुचं लावली, पाइप पाण्याच्या टबात धरून थोडी हवा दिली. बुडबुडे नव्हते.

रंगाच्या कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उरलेले खड्डे पुट्टीने भरायचा मोह होतो, पण गाडीच्या बॉडीला लावतात ती पुट्टी एक्झॉस्टच्या उष्णतेत टिकत नाही, पहिल्या लांब फेरीत पापुद्र्यासारखी निघते. पाइप ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, मग १२० ने. याहून गुळगुळीत केला तर रंगाला धरायला जागा राहत नाही. थिनरने पुसला आणि सहाशे अंशांच्या वर टिकणाऱ्या सिलिकॉनच्या स्प्रे रंगाचे पातळ हात दिले. हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, त्याला टप्प्याटप्प्याने तापवावं लागतं. पाइप गाडीवर चढवून इंजिन थोडा वेळ मंद चालवलं, पूर्ण थंड होऊ दिलं, मग जरा जास्त वेळ, पुन्हा थंड. त्या पहिल्या तापण्यात धूर आणि घाण वास येतो, म्हणून हे उघड्यावरच करावं. आतल्या बाजूने गंज धरू नये म्हणून चढवण्याआधी टू-स्ट्रोक तेल थोडं ओतून पाइप सगळीकडे फिरवला होता. तेही सुरुवातीच्या धुरात भर घालतं.

बसवताना माउंटचे बोल्ट आधी नुसते हाताने लावले, तोंडाशी नवी सील घालून स्प्रिंगा चढवल्या, आणि पाइप आपल्या जागी मोकळा बसल्यावर मग पाना फिरवला. सरळ केलेला पाइप मूळच्या मापापेक्षा किंचित इकडेतिकडे झालेला असतो. तो बोल्टांनी ओढून जबरदस्तीने जागेवर आणला तर ताण माउंटच्या वेल्डवर बसतो आणि तो वेल्ड तुटतो. माझा मागचा ब्रॅकेट काही मिलिमीटर बाजूला आला होता, म्हणून भोक कानशीने थोडं लांबट केलं.

चालवताना फरक वरच्या आरपीएमला जाणवला. आधी तिथे इंजिन जोर धरायच्या बेतात येऊन रेंगाळायचं, आता ते रेंगाळणं गेलंय. यात कॉस्टिकने निघालेल्या काजळीचा वाटा किती आणि सरळ झालेल्या घडीचा किती, हे वेगळं करून सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच झालं. रंग पोटावर छान बसलाय, सिलिंडरच्या तोंडाशी मात्र सीलमधून पाझरणाऱ्या तेलामुळे आत्ताच सुटायला लागलाय. तिथली सील पुन्हा काढून बघायची आहे.